पुण्याच्या जॉबचं ऑफर लेटर आलंय, पण आधी २,८५० रुपये भरायला सांगतायत. काय करू?

विडीघरकुल_बीकॉम

नमस्कार. मी सोलापूरची, विडी घरकुलात राहते. आपल्याच विद्यापीठातून बी.कॉम. झालंय, टॅली आणि जीएसटीचा कोर्स केलाय. मागच्या महिन्यात दोन जॉब साइटवर बायोडेटा टाकला होता. परवा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला की तुमचा बायोडेटा शॉर्टलिस्ट झालाय. एका मोठ्या बँकेचं पुण्यातलं बॅक ऑफिस, पगार हातात २२,५००, पहिले सहा महिने घरून काम. काल फोनवर इंटरव्ह्यू झाला. समोरचे सर हिंदीत बोलत होते. टॅली येतं का, घरी लॅपटॉप आहे का, घरात कमावणारं कोण, एवढंच विचारलं. तासाभरात ऑफर लेटरची पीडीएफ आली. बँकेचा लोगो, गोल शिक्का, सही, सगळं आहे.

आता ते म्हणतात, आयकार्ड, लॅपटॉपचं कुरिअर आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन यासाठी २,८५० रुपये भरा, पहिल्या पगारात परत मिळतील. सोबत आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान आणि सही केलेला एक कोरा चेक स्कॅन करून पाठवा, चेक नंतर कुरिअरने मागवू. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत झालं नाही तर सीट दुसऱ्या कँडिडेटला जाईल.

मी अजून पैसेही दिलेले नाहीत आणि कागदही पाठवलेले नाहीत. आई विड्या वळते. भिशी उचलून पैसे देते म्हणतेय. तिला मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळते, त्यामुळे २,८५० म्हणजे तिचं किती काम हे मला बरोबर कळतं. म्हणून देण्याआधी विचारतेय. हे खरं की खोटं कसं ओळखायचं? आणि खोटं असेल तर पुढे ऑनलाइन नोकरी शोधायची तरी कशी? प्रत्येक मेसेजला घाबरून बसले तर नोकरी लागायची कधी?


साखरपेठ_काका

पोरी, एक रुपया देऊ नको. आईला सांग, भिशी आहे तिथंच राहू दे. काम करून घेणारा माणूस पगार देतो, पैसे मागत नाही. आणि कोरा चेक तर सख्ख्या भावालासुद्धा द्यायचा नसतो. बाकी जाणकार सांगतीलच.


अक्कलकोटरोड_एचआर

ताई, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात आहे. भरती, हजेरी, पीएफ, सगळं माझ्याकडे. तुमचं लेटर मी बघितलेलं नाही, पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून सांगते की ते खोटं आहे. एवढ्या खात्रीने का बोलतेय तेही सांगते. आमच्याच कारखान्याच्या नावाची अशी लेटरं घेऊन मुलं आमच्या गेटवर येतात.

मागच्या पावसाळ्यात बार्शीकडचा एक मुलगा आला. आयटीआय झालेला, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लेटरची रंगीत प्रिंट. वॉचमनने मला बोलावलं. लोगो आमचाच होता, पत्ता आमचाच, अगदी प्लॉट नंबरसकट. मग वाचत गेले. पद लिहिलेलं ‘सीनिअर सुपरवायझर, पॅकिंग’, तेही आत्ताच आयटीआय झालेल्या पोराला. रुजू व्हायची तारीख १५ ऑगस्ट. त्या दिवशी आमच्याकडे झेंडावंदन असतं, मशीन बंद असतात. खाली ईमेलमध्ये आमचं नाव होतं, पण अ‍ॅटच्या चिन्हापुढे जीमेल. पैसे भरायचं खातं एका बाईच्या नावाचं बचत खातं, आणि आयएफएससी कोड टाकून बघितला तर शाखा दुसऱ्याच राज्यातली. बारा हजार रुपये गेले होते, ‘ट्रेनिंग डिपॉझिट’ म्हणून. वडील बाहेर गाडीजवळ उभे होते, पोरगा कामावर आत जाताना बघायला आलेले. त्यांना काय सांगावं हे त्या मुलाला सुचेना आणि मलाही सुचेना. मी तिथूनच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन लावून तक्रार नोंदवून दिली, पण पैसे जाऊन बरेच दिवस झाले होते, खातं तोवर रिकामं झालं होतं.

तेव्हापासून मी भेटेल त्या मुलाला एकच सांगते. मेसेज ज्या वाटेने आला त्या वाटेने त्याची चौकशी करायची नाही. त्यांनी दिलेल्या नंबरवर ‘तुम्ही खरे का’ विचारलं तर ते हो म्हणणारच. त्यांनी पाठवलेली लिंक उघडली तर हुबेहूब वेबसाइट दिसणारच. आपली वाट वेगळी हवी, आपण स्वतः शोधलेली.

तुमच्या बाबतीत ती वाट अगदी सोपी आहे. त्या बँकेची शाखा सोलापुरात असणारच. उद्या सकाळी बँक उघडली की तिथे जा, मोबाइलवर लेटर दाखवा आणि विचारा. शाखेत भरती होत नसली तरी लेटर त्यांच्या पद्धतीचं आहे का, तक्रार कुठे करायची, हे ते सांगतील. फोन करायचा असेल तर नंबर पासबुकावरचा किंवा एटीएम कार्डाच्या मागचा घ्या. गूगलवर ‘अमुक बँक कस्टमर केअर’ टाकून वर दिसेल तो नंबर लावू नका, तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात. आणि बँकेच्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाईप करून तिचं करिअरचं पान उघडा. बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी आणि बँकांनी तिथे ठळक लिहून ठेवलंय की भरतीसाठी आम्ही पैसे घेत नाही.

लेटरवर कदाचित सीआयएन नंबर असेल. कंपनी नोंदवताना मिळणारा हा नंबर २१ अक्षर-अंकांचा असतो. त्यात राज्याची दोन अक्षरं असतात, महाराष्ट्राची एमएच, आणि पुढे कंपनी नोंदवल्याचं वर्ष. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या वेबसाइटवर तो टाकला की कंपनीचं नाव, पत्ता, ती चालू आहे की बंद, हे फुकट दिसतं. आपल्याकडची बरीच कारखानदारी भागीदारीची किंवा एका मालकाची, त्यांना सीआयएन नसतो. त्यांचा जीएसटी नंबर बघायचा. १५ अंक-अक्षरांचा, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता तपासता येतो. तुम्ही जीएसटीचा कोर्स केलाय, हे तुम्हाला माझ्यापेक्षा भराभर जमेल.

पण इथेच बरीच शिकलेली मुलं फसतात. हे नंबर कुणीही खऱ्या कंपनीच्या वेबसाइटवरून उचलून छापू शकतो. नंबर खरा निघाला तर कंपनी खरी आहे एवढंच कळलं. लेटर तिनेच पाठवलं का, हे तिलाच विचारावं लागतं.

आता तुमच्या इंटरव्ह्यूचं. बँकेचं काम म्हणजे लोकांच्या पैशाचं काम. तिथे माणूस घेताना अर्ज, परीक्षा, समोरासमोर किंवा व्हिडिओवर मुलाखत, मार्कशीट, कधी पोलीस पडताळणी असं सगळं होतं. तुम्हाला एन्ट्री कशी टाकता, बँक रिकन्सिलिएशन (आपल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणं) कसं करता, हे कुणी विचारलंच नाही. त्याऐवजी ‘घरात कमावणारं कोण’ विचारलं. तो प्रश्न कामाचा नाही. पैसे कुठून निघतील याचा अंदाज घेतलाय, आणि याचा मला फार राग येतो.

२,८५० हा आकडाही विचार करून ठरवलेला असतो. एवढ्यासाठी घरचे कुठूनतरी जुळवाजुळव करतात, आणि गेले तर पोलिसांत कोण जाणार म्हणून गप्प बसतात. तो भरला की लॅपटॉपचा विमा निघतो, मग त्यावरचा जीएसटी, मग बाँडची अनामत. प्रत्येक वेळी आधीचे पैसे अडकलेत म्हणून पुढचे द्यावेसे वाटतात.

कोऱ्या चेकचं काकांनी सांगितलंच. त्यावर रक्कम टाकून तो वटवायला लावला आणि परत आला तर चेक न वटल्याच्या गुन्ह्याची, म्हणजे कलम १३८ ची भीती घालता येते. चेक, मूळ मार्कशीट, मूळ डिग्री, यातलं काहीही नोकरीच्या आधी कुणाकडे ठेवायचं नाही. खऱ्या ठिकाणी मूळ कागद बघतात आणि लगेच परत देतात.

कागद केव्हा द्यायचे याचाही एक क्रम आहे. बायोडेट्यात नाव, शिक्षण, येणारं काम, मोबाइल आणि ईमेल पुरे. आधार नंबर, पॅन, घर नंबरसकट पत्ता, लग्न झालंय की नाही, यातलं काहीही नको. मुलींनी फोटोही टाकू नये असं माझं मत आहे, अकाउंट्सच्या कामाला फोटो लागत नाही. जॉब साइटसाठी वेगळा ईमेल काढा, म्हणजे बँकेचे आणि घरचे मेल त्यात मिसळत नाहीत. मार्कशीटच्या प्रती मुलाखतीच्या वेळी. पॅन आणि बँक खातं रुजू होताना, कारण पगार आणि पीएफ त्याशिवाय होत नाही. ओटीपी मात्र कधीच नाही, एचआरला कुणाच्या ओटीपीचं काही काम पडत नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, घाबरून बसायचं का. नाही बसायचं. त्याबद्दल रात्री सविस्तर लिहिते, आता शिफ्ट बदलायची वेळ झाली.


विडीघरकुल_बीकॉम

मॅडम, तुमचं वाचून मी त्यांना मेसेज केला की शाखेत विचारून मग पैसे भरते. लगेच फोन आला. म्हणाले, ही कॉन्फिडेन्शियल भरती आहे, शाखेत सांगितलं तर ऑफर रद्द होईल आणि नाव ब्लॅकलिस्टमध्ये जाईल. मग स्वतःच्या आयकार्डाचा फोटो पाठवला. त्यावर फोटो, एम्प्लॉयी नंबर, सगळं आहे. आई जवळच होती, ती जरा घाबरली.


अक्कलकोटरोड_एचआर

आईला सांगा, कोणत्याही बँकेची अशी ब्लॅकलिस्ट नसते की चौकशी केली म्हणून नाव जातं. आयकार्ड मोबाइलवर पाच मिनिटांत बनतं. शाखेत जा.


सातरस्ता_ईसेवा

माझं सात रस्त्याजवळ फॉर्म भरायचं केंद्र आहे. रोज मुलं येतात, म्हणून सरकारी भरतीबद्दल थोडं लिहितो, कारण ‘पैसे मागितले की खोटं’ एवढंच लक्षात ठेवलं तर तिथे गोंधळ होतो.

सरकारी परीक्षेला फी असते आणि ती खरी असते. रेल्वे भरती मंडळाच्या परीक्षेला साधारण गटाला ५०० रुपये लागतात आणि संगणकावरची पहिली परीक्षा दिली की ४०० परत येतात. राखीव गटाला, महिलांना २५० लागतात, तेही परीक्षा दिल्यावर परत येतात, बँकेचे चार्जेस वजा करून. पण ही फी त्या पोर्टलवरच, फॉर्म भरतानाच भरायची असते. कुणाच्या फोनपे नंबरवर नाही. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन किंवा एनआयसी डॉट इन आहे का बघायचं. काही भरत्यांचे फॉर्म वेगळ्या पत्त्यावर असतात, तेव्हा त्या खात्याच्या मूळ वेबसाइटवरच्या जाहिरातीतून तिथे जायचं. फॉरवर्ड आलेल्या लिंकवरून नाही.

सोलापुरात रेल्वेचं डिव्हिजन ऑफिस आहे, त्यामुळे ‘आत ओळख आहे, चिकटवतो’ म्हणणाऱ्यावर लोकांचा पटकन विश्वास बसतो. मालक, शेती विकून पैसे देणारी माणसं मी बघितलीत. रेल्वेत परीक्षा, मेरिट, कागदपत्रं, मेडिकल, याशिवाय कायमची नोकरी लागत नाही. निकाल पोर्टलवर आपल्या रोल नंबरने दिसतो. मध्ये कुणाला बसायला जागाच नाही.

ताई, तुमच्या आधारबद्दल एक. द्यायची वेळ आलीच तर मास्क्ड आधार द्या. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या वेबसाइटवरून डाउनलोड करताना तो पर्याय असतो, त्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे आधारवरच्या नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्माचं वर्ष. झेरॉक्स द्यायची असेल तर त्यावर आडवं लिहा, ‘फक्त अमुक कंपनीच्या नोकरीसाठी’, तारीख आणि सही. कुणी आधीच कागद पाठवून बसलं असेल तर दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते दिसतं, नको असलेला तिथूनच कळवता येतो. आणि पॅनवर कुणी कर्ज काढलं का हे बघायला क्रेडिट रिपोर्ट (आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद) वर्षातून एकदा सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून फुकट मिळतो.

दुबई, सौदीच्या नोकऱ्यांसाठीही मुलं येतात. परदेशी कामाला पाठवणारा एजंट केंद्राकडे नोंदलेला लागतो, ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचं नाव आणि लायसन्सची मुदत दिसते. त्याची फी नियमाने जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी. लाखात मागणारा आणि ‘व्हिजिट व्हिसावर चल, तिथे बदलून देतो’ म्हणणारा माणूस सोडून द्या. कंबोडिया, म्यानमार, लाओसमध्ये ‘डेटा एन्ट्री’ म्हणून नेऊन मुलांना फसवणुकीच्या कामाला जुंपलंय, परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल सूचना काढलेल्या आहेत.


हुतात्मा_पास

मी पुण्यात शिकतो, शनिवार-रविवार सोलापूरला. घरून काम हवंय म्हणणाऱ्या ताईंसाठी लिहितोय, कारण यानंतर तुम्हाला टेलिग्रामवर ‘पार्ट टाइम’ नक्की येईल. माझ्या रूमवरच्या मित्राचं झालेलं सांगतो.

आधी हॉटेलांना पाच स्टार रेटिंग द्यायचं काम. दर स्क्रीनशॉटला ५० रुपये, आणि ते खरंच खात्यात आले. पहिल्या संध्याकाळी त्याने आम्हाला वडापाव खायला घातले. दुसऱ्या दिवशी त्याला एका ग्रुपमध्ये घेतलं. तिथे बाकीचे ‘मेंबर’ रोज नफ्याचे स्क्रीनशॉट टाकायचे, ते सगळे त्यांचेच. मग ‘प्रीपेड टास्क’. हजार भरा, १,३०० घ्या. तेही आले. मग पाच हजार, मग वीस. आता पैसे खात्यात न येता त्यांच्या वेबसाइटवरच्या आकड्यात वाढत होते. काढायला गेला तर आधी टॅक्स भरा म्हणाले. तो आकडा बघत रात्रभर जागायचा बे. शेवटी फी भरायला ठेवलेले पैसेही गेले. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने अशा पार्ट टाइम जॉबवाल्या शंभरावर वेबसाइट बंद केल्या होत्या, पण नव्या निघत राहतात.

त्याहून वाईट एक प्रकार कॉलेजच्या पोरांमध्ये चालतो. ‘काम काही नाही, फक्त तुझं खातं वापरू दे, महिन्याला पैसे देतो.’ एटीएम कार्ड, सिम, सगळं घेतात. त्या खात्यातून दुसऱ्या कुणाचे तरी लुटलेले पैसे फिरतात. मग एक दिवस खातं गोठतं आणि कुठल्यातरी लांबच्या पोलीस स्टेशनची नोटीस तुमच्या नावाने येते, कारण कागदावर तुम्हीच आहात. कंपनीचं पेमेंट स्वतःच्या खात्यात घेऊन पुढे पाठवायचं, अशी ‘अकाउंट्स असिस्टंट’ची नोकरी कुणी दिली तर ती हीच.

आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. ‘रिफंडसाठी हा क्यूआर स्कॅन कर, पिन टाक’ म्हटलं की पैसे जाणार. इंटरव्ह्यूसाठी एपीके फाइल (प्ले स्टोअरबाहेरून टाकायचं अ‍ॅप) पाठवली तर ती टाकायची नाही, स्क्रीन शेअर करायची नाही.


विडीघरकुल_बीकॉम

सगळ्यांचे आभार. माझ्या मैत्रिणीचं एक विचारते. तिने घरून फॉर्म टायपिंगचं काम घेतलं होतं, पैसे भरले नव्हते, फक्त ऑनलाइन अ‍ॅग्रीमेंटवर सही केली होती. आता ते म्हणतात तुझ्या कामात चुका जास्त, करार मोडला, ६,५०० भर नाहीतर कोर्टात केस. वकिलाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस आलीय. ती चार दिवस नीट जेवलेली नाही.


कोर्टसमोर_टायपिस्ट

ताई, मैत्रिणीला आधी जेवायला सांगा. मी वकिलांच्या ऑफिसात टायपिंग करतो, अशा नोटिसा दाखवायला आलेली माणसं बघतो. बहुतेक पोरी आणि गृहिणी असतात, कारण घरात कुणाला न सांगता काम घेतलेलं असतं आणि फसवणाऱ्यांना ते माहीत असतं.

कामाची रचनाच अशी असते की ते पास होऊ नये. पुसट स्कॅन, उलटसुलट नावं, पाच दिवसांत शेकडो फॉर्म, आणि ९० टक्के अचूक हवं म्हणून अट. तपासणारे तेच. मग दंड.

नोटिशीवर केस नंबर किंवा सीएनआर नंबर (कोर्टातल्या प्रत्येक केसचा वेगळा नंबर) लिहिला असेल तर कोर्टांच्या सरकारी ई-कोर्ट्स अ‍ॅपवर टाकून बघा. सीएनआर १६ अक्षर-अंकांचा असतो. खरी केस असेल तर कोर्ट, तारीख, पक्षकार, सगळं दिसतं. नुसता करार मोडला म्हणून पोलीस अटक करत नाहीत, तो दिवाणी विषय आहे. आणि फसवून करून घेतलेला करार, ज्याला फसवलं त्याला रद्द करता येतो, करार कायद्याच्या कलम १९ मध्ये ते आहे. खरं समन्स आलंच तर मात्र दुर्लक्ष करू नका, वकिलाकडे न्या. फुकट सल्ला हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयातच असतं, महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

पैसे भरू नका. एकदा भरले की दुसरी नोटीस येते. अ‍ॅग्रीमेंट, चॅट, नंबर, नोटीस, सगळ्याचे स्क्रीनशॉट ठेवून सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर तक्रार करा, मग ब्लॉक.


विडीघरकुल_बीकॉम

सकाळी शाखेत जाऊन आले. तिथल्या मॅडमनी लेटर बघितलं आणि म्हणाल्या, आमच्याकडे अशी भरती व्हॉट्सअ‍ॅपवर होत नाही, पैसे तर घेतच नाही. बँकेची तक्रारीची ईमेल दिली, मी लेटर त्यावर पाठवलं. आई सोबत होती, तिने मॅडमच्या तोंडून ऐकलं ते बरं झालं. मैत्रिणीने घरी सांगितलं, आज संध्याकाळी तक्रार करतोय. माझे पैसे गेलेले नाहीत, तरी त्या नंबरची तक्रार करता येते का?


सातरस्ता_ईसेवा

येते ताई. संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’ म्हणून सोय आहे, ती यासाठीच, फसवायचा प्रयत्न झाला पण पैसे गेले नाहीत तेव्हा. पैसे गेले असतील तर तिथे वेळ घालवायचा नाही, थेट १९३०. जितका लवकर फोन तितकी समोरच्या खात्यात पैसे अडकवता येण्याची शक्यता जास्त. फोन करताना यूपीआयचा १२ अंकी व्यवहार नंबर, वेळ आणि रक्कम समोर ठेवायची. केंद्रावर आलात तर मी भरून देतो, याचे पैसे घेत नाही.


अक्कलकोटरोड_एचआर

फार बरं वाटलं वाचून. काल अर्धवट राहिलेलं लिहिते.

सरकारी दोन ठिकाणी नाव नोंदवा, दोन्ही फुकट. राज्याचं महास्वयम् आणि केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस. जिल्ह्याचं कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र महास्वयम्‌वरून रोजगार मेळावे लावतं. तिथे मालक किंवा त्यांची माणसं समोर बसलेली असतात, हा मोठा फायदा. आमच्यासारखे कारखानेही येतात. पोर्टल सरकारी असलं तरी त्यावरच्या जाहिरातीची चौकशी करायचीच, कुणी खोटं नाव नोंदवलं असेल तर तेही सापडतं. खासगी जॉब साइटही वापरा, फक्त तिथे आलेल्या मेसेजला व्हॉट्सअ‍ॅपवर न नेता साइटच्या आतच उत्तर द्या. मुलाखतीला लॉजवर किंवा कुणाच्या फ्लॅटवर बोलावलं तर जायचं नाही. ऑफिसला जाताना आईला पत्ता देऊन जा, पहिल्यांदा कुणाला तरी सोबत न्या. आमच्याकडे मुलींसोबत वडील, भाऊ येतात, त्यांना आम्ही बाहेर खुर्ची देतो. त्यात कमीपणा काही नाही.

पण तुमचं शिक्षण बघता ऑनलाइनपेक्षा पायी फिरून लवकर काम मिळेल असं मला मनापासून वाटतं. टॅली आणि जीएसटी येणारं माणूस सोलापुरात सगळ्यांना हवं असतं. सीए आणि कर सल्लागारांची ऑफिसं, सुताचे व्यापारी, चादर-टॉवेलचे कारखाने, युनिफॉर्म शिवणारे, मोठे दवाखाने. यातले बहुतेक लोक साइटवर जाहिरात देतच नाहीत, ओळखीत विचारतात. तुमच्या कोर्सच्या सरांना सांगून ठेवा, व्यापारी आधी त्यांनाच फोन करतात.

सीए ऑफिसात जायचं तर दिवस बघून जा. ११ तारखेला जीएसटीआर-१ हे विक्रीचं रिटर्न असतं, २० ला कर भरायचं ३बी, तोवर तिथे कुणाला मान वर करायला फुरसत नसते. २१ नंतर दुपारी जा. बायोडेट्याच्या पहिल्या ओळीत ‘मेहनती, प्रामाणिक’ नको. काय येतं ते लिहा: टॅलीत खरेदी-विक्रीच्या एन्ट्री, बँक रिकन्सिलिएशन, जीएसटीआर-१ आणि ३बी भरता येतं, २बीशी (पोर्टलवर दिसणाऱ्या खरेदीच्या तपशिलाशी) खरेदी जुळवता येते. आणि डिग्रीची झेरॉक्सच न्या, मूळ प्रत घरी कपाटात.

आमच्याकडे अकाउंट्सची जागा निघाली की गेटवर कागद लावतो आणि महास्वयम्‌वर टाकतो. मी इथे कंपनीचं नाव देणार नाही, इनबॉक्समध्येही नोकरी देणार नाही. माझ्या नावाने कुणी मेसेज केला तर तो मी नाही असंच समजा.